१४ ते २०

जीएसटीचं काम करणाऱ्याचा महिना तीस दिवसांचा नसतो. तो १४ तारखेला उगवतो आणि २० तारखेला मावळतो. १४ ला पोर्टलवर ‘टू-बी’ येतं, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या क्लायंटच्या नावावर कोणकोणती बिलं दाखवली त्याची यादी. २० ला ‘थ्री-बी’ हे विवरणपत्र भरून कर चुकता करायचा. मधल्या दिवसांत एकच उद्योग. क्लायंटच्या टॅलीतलं परचेस रजिस्टर आणि पोर्टलची यादी समोरासमोर ठेवायची आणि एकेक बिल ताडून बघायचं. आमच्या धंद्यात याला ‘रिको’ म्हणतात, आणि त्या आठवड्यात ‘रिको झाला का’ हा प्रश्न ‘जेवलीस का’च्या आधी विचारला जातो.

ऑगस्ट २०२० पासून टू-बी यायला लागलं तेव्हा त्याची एवढी धास्ती नव्हती. यादीत न आलेल्या बिलांचंही थोडं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच दिलेल्या कराची वजावट, घेता यायचं. ही सवलत आधी २० टक्के होती, मग १० झाली, मग ५. १ जानेवारी २०२२ पासून तीही गेली. बिल टू-बीत नसेल तर क्रेडिट नाही, विषय संपला. तेव्हापासून एकेका बिलाला भाव आला.

माझं ऑफिस कोल्हापुरात आहे, छोटंच. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या काही फाउंड्र्या, त्यांना माल पुरवणारे, इचलकरंजीचे सूतवाले दोन-चार, बाकी हार्डवेअर आणि स्पेअर पार्टवाले. कर्नाटक हाकेवर, त्यामुळे महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणाऱ्या जीएसटी नंबरांच्या गर्दीत निपाणी-बेळगावचे २९ वाले हमखास. एका बऱ्यापैकी फाउंड्रीची महिन्याची बिलं दोन-तीन हजारांच्या घरात जातात. एक्सेलमध्ये व्ही-लुकअप लावायचा, जुळलं त्याला हिरवा रंग, नाही जुळलं त्याला पिवळा, आणि मग त्या पिवळ्या रानात रात्री अकरापर्यंत भटकायचं.

भटकायला लावतो तो बिल नंबर. मोठी बिलंदर चीज. नियमाप्रमाणे तो जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो आणि त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ, तिरकी रेघ एवढंच चालतं. पण या १६ घरांत लोक काय काय संसार मांडतात! पुरवठादार छापतो ‘केडी/२३-२४/००४५’. क्लायंटचा अकाउंटंट टॅलीत मारतो नुसतं ‘४५’. दुसरा पुरवठादार वर्ष शेवटी घालतो, ‘४५/२३-२४’. तिसऱ्याचा नंबर ‘३-२१’ असा साधासुधा, पण तो एक्सेलमध्ये टाइप केला की एक्सेल कुणालाही न विचारता त्याचा मार्च २०२१ करून मोकळं होतं. (यात आपण एकटे नाही. ‘मार्च-वन’, ‘सेप्ट-वन’ अशी नावं असलेल्या मानवी जनुकांच्याही एक्सेल तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलपुढे जनुकांनी माघार घेतली, तिथे माझी काय कथा.)

‘आत्या, हे पायथनमध्ये दोन मिनिटांचं काम आहे,’ असं माझा भाचा म्हणाला, तेव्हा मी त्या दोन मिनिटांच्या मागे लागले. वय पन्नाशीकडे झुकलेलं, शिक्षण कॉमर्सचं, कॉम्प्युटर म्हणजे टॅली, एक्सेल आणि एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र. पायथन, म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा, शिकायचा आणि लवकर शिकायचा, कारण पुढची १४ तारीख काही थांबत नाही. प्रश्न एवढाच होता की मदत कुणाची घ्यायची.

पहिल्यांदा गेले ते अर्थातच क्लासमध्ये. राजारामपुरीत क्लासला तोटा नाही. काउंटरवरच्या मुलीने ‘मॅडम, मुलासाठी का?’ असं विचारलं, मग अभ्यासक्रमाचा कागद दिला. पहिल्या महिन्यात चांदण्यांचे त्रिकोण छापायचे, फिबोनाची मालिका, मूळ संख्या, आर्मस्ट्राँग संख्या. आर्मस्ट्राँग म्हणजे १५३ सारखी संख्या: १ चा घन १, ५ चा १२५, ३ चा २७, सगळ्यांची बेरीज पुन्हा १५३. गणित गोड आहे, मला आवडलंही. पण आर्मस्ट्राँग संख्येवाचून कुठल्या धंद्याचं काही अडल्याचं माझ्या पाहण्यात नाही, आणि ‘फाइल वाचणे’ हा धडा तिसऱ्या महिन्यात होता. माझ्याकडे तर फायलींशिवाय दुसरं काहीच नव्हतं. ज्या पोरांना पुढे परीक्षा आणि मुलाखती द्यायच्या आहेत त्यांच्यासाठी तो क्रम ठीक असेल. मला तो परवडणारा नव्हता.

मग व्हिडिओ. त्यांचा महापूर आहे आणि बरेचसे ‘हाय गाइज’ने सुरू होतात. त्यातल्या त्यात आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम मला मानवला. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीतही आवाज दिलेले. आणि शिस्त अशी की अर्ध्या पडद्यावर धडा चालू ठेवायचा, उरलेल्या अर्ध्यावर तेच आपण करायचं. निवेदनातलं मराठी जरा आकाशवाणीच्या बातम्यांसारखं आहे, पण हाताला वळण लागतं. अवतरणचिन्ह उघडलं की मिटायचं, कंस उघडला की मिटायचा, बरोबर-चिन्ह एकदा दिलं की ‘ठेव’ आणि दोनदा दिलं की ‘सारखं आहे का?’ हे सगळं मी तिथे शिकले. मात्र व्हिडिओतली उदाहरणं नेहमी शहाण्यासारखी चालतात. माझी फाइल शहाणी नव्हती. टू-बीच्या एक्सेलमध्ये वरच्या काही ओळी नुसत्या शीर्षकांच्या, त्यातले रकाने एकमेकांत जोडलेले. पायथनने ती उघडली की निम्म्या रकान्यांची नावं ‘अननेम्ड’, ‘अननेम्ड’, ‘अननेम्ड’. व्हिडिओला विचारणार तरी काय आणि कसं?

आता भाचा. पोरगा हिंजवडीत आहे, हुशार आहे आणि आत्यावर जीवही आहे. रात्री कॉल लावायचा, माझा पडदा त्याला दिसायचा, आणि मग जे सुरू व्हायचं ते असं: ‘आत्या, ते काढून टाक. हं, आता इथे हे टाक. नाही नाही, खाली. थांब, मीच घेतो कंट्रोल.’ माउसचा बाण आपोआप हलायला लागायचा, ओळी उमटायच्या, फाइल वाचली जायची, आणि तो म्हणायचा, ‘झालं, बघ किती सोपं आहे.’ सोपं होतंच, त्याला. मोटारसायकलवर मागे बसून दहा वेळा गगनबावड्याचा घाट उतरला तरी तिथली वळणं आपल्या हाताला येत नाहीत, तसं माझं चाललं होतं. वर त्याच्या शिकवण्यात ज्या गोष्टी आधी यायच्या त्या त्याच्या नोकरीतल्या: व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, गिट, क्लासेस. ‘हे आधी केलंस तर नंतर त्रास होणार नाही,’ असं त्याचं म्हणणं. मला नंतरचा त्रास चालला असता, आत्ताचा भागत नव्हता.

चॅटबॉटचंही सांगते, नाहीतर कुणीतरी विचारेलच. मी त्याला विचारलं, आणि त्याने न थकता, न चिडता, रात्री साडेबाराला सबंध प्रोग्राम लिहून दिला. चाललासुद्धा. फक्त बिल नंबर ‘स्वच्छ’ करताना त्याने वर्षाचा तुकडा फेकून दिला होता, त्यामुळे २२-२३ सालचं ४५ नंबरचं बिल २३-२४ च्या ४५ शी आनंदाने जुळलं आणि पडद्यावर हिरवंगार झालं. रकमा वेगळ्या होत्या म्हणून ध्यानात आलं. त्याने लबाडी केली असं मी म्हणणार नाही. बिल नंबरमध्ये वर्ष का असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि प्रोग्राम माझा नसल्यामुळे कुठल्या ओळीत ते घडलं हे मला शोधता येत नव्हतं. शिवाय क्लायंटची बिलं, त्यांच्या रकमा, त्यांचे पुरवठादार हे सगळं उचलून तिथे चिकटवायचं माझ्या मनाला पटेना. आमच्या धंद्यात भरवसा एवढंच भांडवल.

खरी मदत मिळाली ती जिन्याच्या वरच्या मजल्यावरून.

आमच्या इमारतीत एक काका राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, वर्षाच्या सुरुवातीला, ठेवींच्या व्याजातून कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म भरायच्या निमित्ताने माझ्याकडे येतात आणि मग चहापर्यंत बसतात. १९८४ ला रंगराजन समितीचा अहवाल आला, त्यानंतर बँकांत खातेवहीचं काम करणारी यंत्रं यायला लागली. संघटनांचा विरोध, लोकांनी टर उडवणं, ‘आता तुमच्या खुर्च्या जाणार’ वगैरे. काका तेव्हा क्लार्क. एक चाचणी झाली, त्यात निवडले गेले आणि कोबोल ही कारभाराच्या कामाची जुनी कॉम्प्युटर-भाषा शिकायला पुण्याला गेले. पुढची नोकरी बरीचशी आंतरशाखा ताळमेळाच्या विभागात, म्हणजे एका शाखेने नावे टाकलेली रक्कम दुसऱ्या शाखेने जमा केली का, हे जुळवत. पायथनचं नाव त्यांनी ऐकलेलं होतं, बास.

त्या दिवशी ते आले तेव्हा मी दोन जीएसटी नंबरांकडे बघत डोकं धरून बसले होते. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. पायथन म्हणत होतं, सारखे नाहीत.

‘किती अक्षरं?’ काकांनी विचारलं.

‘पंधरा. जीएसटी नंबर पंधराचाच असतो, काका.’

‘असतो ते मलाबी ठावं हाय. मशीनला किती वाटत्यात ते विचार की.’

‘लेन’ हा लांबी मोजणारा शब्द मला आला होता. तो लावला. एकाला १५ आलं, दुसऱ्याला १६. टॅलीत नंबर टाइप करणाऱ्याने शेवटी एकदा स्पेस दाबलेली. डोळ्याला दिसत नाही, मशीनला दिसते. ती शेवटची मोकळी जागा काढायला ‘स्ट्रिप’ नावाची सोय आहे हे मी मग शोधून काढलं आणि त्या एका शब्दावर त्या दिवशी शेकड्यांनी पिवळी बिलं हिरवी झाली.

गंमत पुढेच आहे. कोबोलमध्ये ही भानगड होतच नाही. तिथे प्रत्येक रकान्याची लांबी आधी बांधून द्यावी लागते, ‘पिक एक्स पंधरा’ अशी, आणि दोन मजकुरांची तुलना करताना लहान असेल त्याच्या पुढे मोकळ्या जागा भरून दोन्ही सारखे करून घेतले जातात. म्हणजे शेवटची स्पेस तिथे मोजतच नाहीत. काकांना हा दोष आयुष्यात कधी भेटलेला नव्हता. तरी त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला, कारण कुठलीही माहिती समोर आली की आधी तिची लांबी विचारायची ही त्यांची बोटात मुरलेली सवय.

तेव्हापासून ते संध्याकाळी खाली यायला लागले. शेजारी खुर्ची घ्यायची, हात मांडीवर, कीबोर्डला कधी स्पर्श नाही. मला आधी वाटलं, संकोच असेल. मग कळलं की ही त्यांच्या वेळची रीत. एक यंत्र, चौघं शिकणारे, आणि ज्याची पाळी त्याचाच हात. बाकीच्यांनी तोंडाने काय ते सांगायचं. त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता: ‘आत्ता त्यात काय हाय?’ प्रोग्राम अडला की मी म्हणायचे, ‘यात बिलाची रक्कम आहे.’ ते म्हणायचे, ‘असायला पायजे. हाय काय?’ मग छापून बघायचं. आणि खरंच, त्यात रक्कम नसायचीच. स्वल्पविरामासकट अक्षरं असायची, ‘१,१८,०००’ अशी, आणि मी त्यांची बेरीज करायला बघत असायचे.

एकदा त्यांनी वीजबिलाच्या पाठीवर जीएसटी नंबरची फोड करून दाखवली. त्यांच्या कोबोलच्या थाटात, वर एक मथळा आणि खाली पोटभाग: पहिली दोन घरं राज्याची, पुढची दहा पॅनची, मग एक त्याच पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी ते सांगणारं, मग बहुतेक वेळा झेड, आणि शेवटचं पडताळणीचं. नंबरची ही रचना मलाही माहीत होतीच, रोजचं काम आहे. पण तिचे पायथनमध्ये तुकडे करायला बसले तेव्हा पहिल्या दोन घरांसाठी शून्य ते दोन लिहावं लागतं हे बघून काका उखडले. ‘शून्य? पहिल्या घराला शून्य म्हनायचं? आणि दोन लिहिलंय तर दोन नंबरचं घर धरायचं का न्हाई?’ धरायचं नाही, त्याच्या आधी थांबायचं, हे मी त्यांना समजावत राहिले. कोबोलमध्ये मोजणी एकपासून. आमचा वाद बराच रंगला. शेवटी त्यांनी ते मान्य केलं की नाही, मला माहीत नाही, पण त्यानंतर तो हिशोब मला कधी चुकला नाही. व्हिडिओतल्या बाईंनी हेच कितीतरी गोड आवाजात सांगितलं होतं आणि दर वेळी माझ्या डोक्यावरून गेलं होतं.

उलट पायथनमध्ये ओळ आत सरकवून लिहावी लागते, त्या जागेलाच अर्थ असतो, हे त्यांना चटकन पटलं. मला ते फार जाचायचं. ‘आमच्यात तर पंच कार्डावरचे रकाने ठरलेले,’ ते म्हणाले. पहिले सहा ओळीच्या क्रमांकाचे, सातव्यात चांदणी टाकली तर ती ओळ नुसती टीप, आठपासून मथळे, बारापासून पुढे खरं काम, बहात्तरला खलास. बाराऐवजी अकरात सुरुवात केली की यंत्र रुसलं. ‘हे तुझं पायथन कुणी काढलं?’ त्यांनी विचारलं. ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या गुइदो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत हाती घेतलं, १९९१ ला लोकांपुढे ठेवलं. त्याआधी त्याच संस्थेत ‘एबीसी’ नावाची भाषा झाली होती, प्रोग्रामिंग हा ज्यांचा पेशा नाही अशांसाठी. ओळ आत सरकवायची पद्धत तिथून आली. नाव मात्र सापावरून नाही, माँटी पायथन या इंग्लंडमधल्या विनोदी मंडळींवरून. कोबोलचा जन्म १९५९ मधल्या एका समितीत झाला, तोही कारभार बघणाऱ्या माणसाला वाचता यावं या हेतूने. काकांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आमचं कमिटीनं केलं, तुमचं सुट्टीत झालं. फरक कळतोय.’

पण याहून मोठी मदत वेगळीच होती, आणि तिचा कुठल्याही भाषेशी संबंध नव्हता.

बिलं जुळवायची तर भाचा आणि चॅटबॉट, दोघांनीही पहिलं काम एकच सांगितलं होतं, बिल नंबर स्वच्छ कर. तिरक्या रेघा काढ, पुढची शून्यं काढ, अक्षरं काढ. काका म्हणाले, त्याला हात लावू नको. ताळमेळाच्या विभागात त्यांनी वर्षानुवर्षं जे केलं ते त्यांनी मला फेऱ्यांमध्ये मांडून दिलं. पहिल्या फेरीत जे अक्षरशः जुळतं तेवढंच उचलायचं: जीएसटी नंबर तोच, बिल नंबर जसाच्या तसा, रक्कम तीच. उचललं की बाजूला, पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही. दुसऱ्या फेरीत उरलेल्यांचेच बिल नंबर साफ करून बघायचे, आणि वर्षाचा तुकडा पुढे असो की मागे, ओळखून वेगळा ठेवायचा. तिसऱ्या फेरीत बिल नंबर विसरायचा, पार्टी आणि रक्कम जुळते का तेवढं बघायचं. जुळलं तरी त्याच्यापुढे ‘संशयित’ असा शेरा मारायचा आणि माणसाने डोळ्याने तपासायचं. ‘आणि शेवटी जे उरंल,’ ते म्हणाले, ‘ते मशीनचं न्हाई, तुझं काम.’

हे ऐकलं आणि प्रोग्राम लिहायला काही उरलंच नाही असं वाटलं. तीन फेऱ्या, म्हणजे तीन तुकडे. प्रत्येक तुकड्यात काय आत येतं आणि काय बाहेर पडतं हे मला मराठीत सांगता येत होतं, म्हणून ते पायथनमध्ये लिहिता आलं. अडलेला शब्द शोधायला मग व्हिडिओ चालला, चॅटबॉट चालला, भाचासुद्धा चालला. आधी मला प्रश्नच नेमका विचारता येत नव्हता. आता ‘रक्कम एक रुपयाच्या फरकाने जुळत असेल तर कसं लिहायचं’ एवढा लहान प्रश्न विचारता यायला लागला, आणि लहान प्रश्नाला कुणीही बरं उत्तर देतं.

म्हणून मला कुणी विचारलं की ‘तुम्ही इतक्या लवकर कुठे शिकलात’ तर मला क्लासचं नाव सांगता येत नाही. भाषा येणारी माणसं आता गल्लोगल्ली आहेत. तुमचं काम कळणारा आणि तुमच्या हातातला कीबोर्ड न ओढणारा माणूस दुर्मीळ. तो बहुधा कॉम्प्युटरवाल्यांत नसतोच. गोदाम सांभाळणाऱ्याने जुन्या स्टोअरकीपरला धरावं, पेरणी-पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्याने निवृत्त तलाठ्याला. त्यांना पायथनचा प सुद्धा येत नसला तरी चालेल. हे म्हणणं भाच्याला अजिबात मान्य नाही आणि त्याच्या जागी त्याचं बरोबर असेल. त्याला भाषेतच नोकरी करायची आहे, मला भाषेकडून काम करून घ्यायचं आहे.

पैसे पूर्णांकात आणण्याची हकिकत राहिलीच. जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे रक्कम जवळच्या रुपयात धरायची, ५० पैसे किंवा जास्त असतील तर वर. शाळेपासून आपण हेच करतो. पायथनच्या ‘राउंड’ला २.५ दिलं तर तो ३ न देता २ देतो, आणि ३.५ दिलं तर ४. बरोबर मध्यावर असेल तर जवळच्या सम संख्येकडे जायचं, अशी त्याची रीत. या रीतीला ‘बँकर्स राउंडिंग’ म्हणतात हे मी काकांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. ‘कुठल्या बँकेत?’ त्यांच्या सबंध नोकरीत ही रीत त्यांनी ना पाहिली ना ऐकली. ‘आमच्या काउंटरवर कुणी असं केलं असतं तर खातेदारानं चप्पल काढली असती.’ अर्ध्या रुपयासाठी मग मी ‘डेसिमल’ नावाची दुसरी सोय वापरली, तिथे आपल्या पद्धतीचं वर ढकलणं सांगता येतं.

भाच्याचं श्रेय मात्र द्यायला हवं. माझा प्रोग्राम चालायचा, पण पोर्टलच्या एकेका बिलासाठी सबंध रजिस्टर पहिल्यापासून धुंडाळायचा. इकडे ३,००० बिलं आणि तिकडे ४,००० नोंदी असल्या की १ कोटी २० लाख तुलना. चालू करून चहाला जावं, परत यावं, तरी तो चालूच. भाच्याने एकदा बघितलं, हसला नाही (याबद्दल त्याला पूर्ण गुण), आणि ‘पांडाज’ या पायथनच्या तयार संचातला ‘मर्ज’ हा एक शब्द सांगितला. दोन याद्या एका ओळीत जुळवतो, आणि ‘इंडिकेटर’ चालू केला तर प्रत्येक नोंदीपुढे लिहूनही देतो की ही दोन्हीकडे आहे, नुसती डावीकडे आहे की नुसती उजवीकडे. पानभर लिहिलेलं एका ओळीत आलं. फाइल वाचताना सगळे रकाने अक्षरं म्हणूनच वाच, हेही त्याचंच. त्यामुळे ‘००४५’ ची शून्यं पुसली जात नाहीत. या दोन गोष्टी काकांना जन्मात सांगता आल्या नसत्या. पण ‘मर्ज’ कशाची जागा घेतो हे मला कळलं ते मी ती पानभर झटापट केली होती म्हणूनच. पहिल्या दिवशी सांगितला असता तर माझ्या दृष्टीने तो आणखी एक मंत्र झाला असता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पोर्टलवर ‘आयएमएस’ आलं, प्रत्येक बिल स्वीकारा, नाकारा किंवा राखून ठेवा, असं. कामाची पद्धत बदलली, प्रोग्रामचीही डागडुजी करावी लागली. काका तेव्हा मुलाकडे पुण्याला होते. फोनवर विचारलं तर म्हणाले, ‘नवीन रकाना आलाय तर आधी त्यात काय काय येतंय ते छाप, मग मला फोन कर.’ छापल्यावर फोन करायची गरज पडली नाही.

सध्या माझ्याकडे गडहिंग्लजची एक मुलगी काम शिकायला येते. बी.कॉम. झालेली, चुणचुणीत, आणि तिला माझा प्रोग्राम वापरायचा नाही, स्वतःचा लिहायचाय. मी शेजारी खुर्ची घेऊन बसते. हात मांडीवर. हे किती अवघड आहे याची मला कल्पना नव्हती. ती एखादी ओळ चुकीच्या जागी लिहिते, मला लांबून दिसत असतं, बोटं वळवळतात, आणि तोंडातून फक्त ‘आत्ता त्यात काय आहे?’ एवढंच काढायचं. परवा तिने दोन याद्या जुळवायला एकात एक असे दोन फेरे लिहिले, अगदी मी लिहिले होते तसेच, आणि चालू करून खूश होऊन चहा करायला गेली. ‘मर्ज’चं मी अजून तिला सांगितलेलं नाही. पण फाउंड्रीची बिलं या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त आहेत आणि आज १६ तारीख. १८ पर्यंत वाट बघते, नाहीतर मग सांगावंच लागेल.